अर्धं वाक्य ठेवण्याची जागा

रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. जेवणाच्या टेबलावर वही उघडी आहे, शेजारी तीन पुस्तकं पालथी घातलेली आहेत, एका चिठ्ठीवर पुढच्या परिच्छेदासाठी सुचलेले चार शब्द आहेत. इतक्यात ताटं मांडायची वेळ होते. वही मिटते, पुस्तकं एकावर एक रचली जातात, चिठ्ठी कुठल्या तरी पानात सरकते. दुसऱ्या दिवशी तो सगळा पसारा पुन्हा मांडायला वीस मिनिटं जातात, आणि चिठ्ठीवरच्या चार शब्दांचा संदर्भ मात्र काही केल्या लागत नाही.

मी कित्येक वर्षं असंच लिहिलं. तेव्हा मला वाटायचं, आपल्याला एक देखणं टेबल हवं, खिडकीबाहेर एखादं झाड हवं, शांतता हवी. या गोष्टी चांगल्याच आहेत, पण गरज त्यांच्याही आधीची होती. लिहिणाऱ्या माणसाला सर्वांत आधी लागते ती अशी जागा, जिथे अर्धवट काम रात्रभर जसंच्या तसं राहील आणि ते कोणी आवरणार नाही. लेखनाची खोली म्हणजे मुळात अर्धं वाक्य ठेवण्याची जागा. तिची रचना, उजेड, बैठक, सजावट या सगळ्यांचा विचार या एका गरजेपासून सुरू केला, तर लहान घरातही ती साधते आणि खर्चही फार होत नाही.

एक टेबल, एक कुलूप

इंग्लंडमधल्या चॉटन गावी जेन ऑस्टेन जिथे राहिली, त्या घरात आजही तिचं टेबल दाखवतात. अक्रोडाच्या लाकडाचं, बारा बाजूंचं, एका माणसाचं चहाचं साहित्य जेमतेम मावेल एवढं ते लहान आहे. वावराच्या खोलीत बसून ती लिहायची. तिच्या भाच्याने लिहून ठेवलेल्या आठवणीनुसार ती कागदाचे छोटे तुकडे वापरायची, कारण कोणी आलं तर ते चटकन झाकता यायचे. तिच्या कादंबऱ्या जगभर वाचल्या जातात. पण त्या लिहिताना तिला प्रत्येक चाहुलीला हात थांबवावा लागत होता, हे ते टेबल पाहिल्यावर विसरता येत नाही.

शंभरेक वर्षांनी, 1928 मध्ये, लेखिका व्हर्जिनिया वूल्फने केंब्रिजच्या महिला महाविद्यालयांत व्याख्यानं दिली आणि त्यांतून 1929 मध्ये ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक झालं. स्त्रीला लेखन करायचं असेल तर वर्षाला 500 पौंडांचं उत्पन्न आणि दाराला कुलूप असलेली स्वतःची खोली हवी, असं तिने मांडलं. त्यातला पैशाचा भाग पुष्कळ जण सांगतात. मला कुलूप महत्त्वाचं वाटतं. कुलूप माणसाला आत ठेवतं, तसं कामालाही आत ठेवतं. बाई खोलीतून उठून स्वयंपाकघरात गेली तरी तिचं वाक्य आत सुरक्षित असतं.

आपल्याकडच्या घरांत हे आजही सगळ्यांना सारखं मिळत नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या कागदांना कोणी हात लावत नाही. त्याच घरातल्या बाईची वही मात्र भाजी निवडायच्या वेळी बाजूला सरकवली जाते. म्हणून खोली सजवण्याआधी घरात एक बोलणं व्हायला हवं. या टेबलावर काही ठेवायचं नाही, इथलं काही आवरायचं नाही, आणि ठरलेल्या वेळात दार वाजवायचं नाही. या तीन गोष्टी घरातल्या सगळ्यांना मान्य असतील तर पडदा लावलेला कोपराही खोलीचं काम करतो. मान्य नसतील तर स्वतंत्र खोलीचीही हळूहळू अडगळ होते. इस्त्रीचे कपडे, पाहुण्यांच्या गाद्या, मुलांची जुनी सायकल असं एकेक करून तिथे येऊन बसतं.

घरात जागा शोधताना

जुन्या वाड्यांत आणि कोकणातल्या घरांत लिहिण्या-वाचण्याच्या जागा आपोआप असायच्या. माडीवरची खोली, पडवीचं टोक, ओटीवरचा कोनाडा या जागा माजघरातल्या वर्दळीपासून थोड्या लांब असत, तरी घराला धरून असत. फ्लॅटमध्ये तसं अंतर आपल्याला मुद्दाम तयार करावं लागतं.

जागा निवडताना एक प्रयोग करा. कागद-पेन्सिल घेऊन आठवडाभर घरात वेगवेगळ्या ठिकाणी अर्धा अर्धा तास बसा आणि तेवढ्या वेळात किती जण तुमच्या पाठीमागून गेले ते मोजा. ज्या जागेवरून पाणी प्यायला, कपडे वाळत घालायला किंवा बाहेर जायला वाट जाते, ती जागा कितीही छान दिसली तरी सोडून द्या. झोपायच्या खोलीतला कपाटाशेजारचा कोपरा, बंदिस्त केलेली गॅलरी, जिन्याखालची मोकळी जागा, उंची पुरत असेल तर पोटमाळा हे पर्याय बहुतेक घरांत निघतात. चार फूट रुंद आणि साधारण पाच फूट खोल एवढी मोकळी जागा एका माणसाला पुरते. त्यात दोन फूट टेबल आणि उरलेलं खुर्चीसाठी, मागे सरकून उठण्यासाठी.

पाठ भिंतीकडे आणि दार नजरेच्या कडेला दिसेल अशी खुर्ची ठेवता आली तर उत्तम. कोणी अचानक मागे येऊन उभं राहणार नाही याची खात्री असली की शरीर सैल होतं.

बैठक

सुताराला टेबल सांगताना अडीच फूट उंची सांगायची रीत आहे, म्हणजे साधारण 75 सेंटिमीटर. ती मध्यम उंचीच्या माणसाला हाताने लिहिण्यासाठी बरी पडते. मात्र टेबलाची उंची तुमच्या कोपराला जुळली पाहिजे. खुर्चीवर ताठ बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा. कोपराच्या पातळीला किंवा किंचित वर टेबलाचा पृष्ठभाग हवा. टेबल उंच असेल तर खांदे वर चढतात आणि तासाभरात मान धरते. आपल्याकडे अनेक बायकांना बाजारातलं टेबल उंच पडतं. अशा वेळी खुर्ची उंच करून पायांखाली पाट घ्यावा. पावलं पूर्ण टेकली नाहीत तर मांडीच्या मागच्या भागावर दाब येतो आणि पायांना मुंग्या येतात.

लॅपटॉपची एक मूळ अडचण आहे. त्याचा पडदा आणि त्याच्या कळा एकमेकांना जोडलेल्या असतात. कळा कोपराच्या उंचीवर ठेवल्या तर पडदा फार खाली जातो, पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर उचलावे लागतात. उपाय स्वस्त आहे. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि टंकलेखनासाठी वेगळा कळफलक जोडा. पडदा हातभर अंतरावर असावा.

खुर्ची नको असेल तर आपल्याकडे जमिनीवरच्या बैठकीची जुनी आणि चांगली सोय आहे. पेढीवरचे मुनीम वापरत ते उतरत्या झाकणाचं बुटकं मेज आठवा. उतारामुळे कागद डोळ्यांच्या जवळ येतो, मान कमी वाकते. झाकण उचललं की आत खण असतो. काम थांबवलं की कागद आत ठेवून झाकण लावायचं, दुसऱ्या दिवशी उघडायचं. अर्धं वाक्य सांभाळणारी ही आपली देशी खोलीच म्हणायची. पाठीला तक्क्या आणि गुडघ्यांखाली जाडसर सतरंजी घेतली तर तासभर सहज बसता येतं. त्यानंतर मात्र उठून फिरायला हवं, खुर्ची असो की गादी.

रोआल्ड डालला खुर्ची अशीच स्वतःच्या शरीरावर बेतून घ्यावी लागली. इंग्लंडमधल्या ग्रेट मिसेनडेन गावी, बागेतल्या झोपडीत तो आईच्या जुन्या आरामखुर्चीत बसून लिहायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या विमान अपघातात त्याच्या पाठीला दुखापत झाली होती, म्हणून मणक्यावर दाब येऊ नये यासाठी त्याने खुर्चीच्या पाठीला भोक पाडून घेतलं होतं. हिरवं कापड लावलेली एक फळी खुर्चीच्या हातांवर आडवी ठेवायची, तेच टेबल. दुकानात ती खुर्ची कोणी विकत घेतली नसती, पण एका दुखऱ्या पाठीला ती बरोबर बसली आणि तिच्यावर बसून त्याने मुलांसाठी पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली.

उजेड

उत्तरेची खिडकी लिहिण्यासाठी चांगली, असं जाणती माणसं सांगतात. त्याचं कारण सूर्याच्या वाटेत आहे. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, म्हणून वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडून जातो आणि उत्तरेच्या खिडकीतून ऊन न येता आकाशाचा स्थिर उजेड येतो. महाराष्ट्रात मात्र याला थोडा अपवाद आहे. मुंबईत साधारण 15 मे आणि पुन्हा 28 जुलैच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात तो माध्यान्हीला थोडा उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीलाही पातळ पडदा लागतो. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन मात्र उन्हाळ्यात खोली तापवतं आणि भिंत रात्री उशिरापर्यंत ती उष्णता सोडत राहते. तिथे बसणं भाग असेल तर काचेच्या आतल्या पडद्यापेक्षा बाहेरून लावलेला वाळ्याच्या तट्ट्याचा आडोसा जास्त उपयोगी पडतो, कारण ऊन आत येण्याआधीच अडवलं जातं.

नाटककार बर्नार्ड शॉने उजेडाचा हा प्रश्न फार वेगळ्या रीतीने सोडवला. इंग्लंडमधल्या एऑट सेंट लॉरेन्स गावी, घराच्या बागेत त्याची लिहायची छोटी लाकडी खोली होती. ती फिरत्या चौथऱ्यावर उभी होती. ऊन सरकलं की खोली ढकलून तिचं तोंड वळवायचं. थंड देशात त्याला ऊन हवं होतं, आपल्याला बहुधा टाळायचं असतं. आपल्यासाठी धडा एवढाच, की उजेड दिवसभर जागा बदलतो आणि टेबल मांडण्याआधी तो सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहून घ्यावा.

उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे खिडकी असावी, डावखुऱ्याच्या उजवीकडे. नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली शब्दांवर पडते. लॅपटॉपवर काम असेल तर खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला हवी. समोरच्या खिडकीने डोळे दिपतात, पाठीमागची खिडकी पडद्यात उमटते.

रात्रीसाठी छताचा एकटा दिवा पुरत नाही. कार्यालयांत लेखन-वाचनाच्या टेबलावर साधारण 500 लक्स प्रकाश असावा असं मानतात. उजेड अंतरासोबत झपाट्याने कमी होतो. दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं तर कागदावर जवळजवळ चौपट उजेड पडतो. म्हणून छतावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा टेबलावरचा लहान एलईडी दिवा अधिक काम करतो, वीजही कमी खातो. त्याचबरोबर खोलीत मागे एक मंद दिवा चालू ठेवा. काळोखात एकच उजळ चौकोन असेल तर नजर वर उचलली की प्रत्येक वेळी डोळ्यांना जुळवून घ्यावं लागतं. घरात साठीच्या पुढचं कोणी लिहिणारं असेल तर उजेड आणखी वाढवावा. वयासोबत डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, बाहुली लहान होते, आणि त्याच दिव्याखाली विशीतल्या नातवाला लख्ख दिसतं ते आजोबांना अंधुक वाटतं.

आवाज

शब्दांचं काम करताना दुसऱ्यांचे शब्द सर्वांत जास्त अडवतात, असं मानसशास्त्राच्या प्रयोगांत वारंवार दिसून आलं आहे. मिक्सरची घरघर कानाला त्रास देते, पण थोड्या वेळाने मन ती मागे टाकतं. शेजारच्या खोलीतलं अर्धवट ऐकू येणारं बोलणं किंवा मालिकेतला संवाद मात्र वाक्य मोडतो. म्हणून आधी दूरदर्शन संच ठेवलेली भिंत टाळा.

दार कितीही जाड असलं तरी त्याच्या खालच्या फटीतून आवाज येतोच. पाणी जसं फट शोधतं तसंच आवाजाचं आहे. दाराखाली रबराची पट्टी लावणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी उपाय. फरशी, काच आणि रिकाम्या भिंती आवाज परतवतात, त्यामुळे रिकाम्या खोलीत तो घुमतो. सतरंजी, जाड पडदा, गादीवर पसरलेली घोंगडी, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी तो जिरतो. पंख्याचा एकसुरी आवाज बाहेरचं बोलणं झाकायला मदत करतो.

पुस्तकं, ओल आणि वाळवी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1930 च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं, ते आपल्या ग्रंथांसाठी. कुटुंब तळमजल्यावर आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय व काम करण्याची जागा, अशी त्याची रचना होती. बहुतेक घरांत माणसांची सोय झाल्यावर पुस्तकांना उरलेला कोपरा मिळतो. इथे पुस्तकांच्या गरजेवरून वास्तूचा आराखडा ठरला. ज्या समाजाला शतकानुशतकं अक्षरापासून दूर ठेवलं गेलं, त्या समाजातल्या माणसाने स्वतःच्या घराचा सर्वांत चांगला भाग ग्रंथांना दिला. लिहिण्याची खोली म्हणजे चैन, असं ज्यांना वाटतं त्यांनी राजगृह आठवावं.

आपल्या फळीभर पुस्तकांनाही तेवढंच जपायला हवं. पुस्तकांच्या कपाटाची खोली 10 ते 12 इंच पुरते. 19 मिलिमीटर प्लायवूडची फळी अडीच फुटांपेक्षा लांब नको, नाहीतर मधोमध झोल येतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातली ओल हा पुस्तकांचा मोठा शत्रू आहे. हवा बंद आणि दमट असली की कागदावर बुरशी धरते, पाठोपाठ कसर येते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे दोन इंच हवा खेळू द्या. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर ठेवा. कपाटामागे मातीची बारीक रेघ वर चढताना दिसली तर ती वाळवीची वाट आहे. ती पुसून थांबू नका, मूळ शोधून उपाय करून घ्या.

कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचे तुकडे कपाटात ठेवण्याची घरोघरी चाल आहे. त्यांच्या जोडीला पुस्तकं वरचेवर उघडली पाहिजेत. डांबरगोळ्या मात्र ज्या बंद खोलीत तुम्ही तासन्‌तास बसता तिथे नकोत, त्यांची वाफ श्वासात जाते. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत पुस्तकं सावलीत पसरून वारं द्यावं. थेट कडक उन्हात पानं पिवळी आणि ठिसूळ होतात.

सजावट शेवटी

एवढं झालं की सजावटीकडे वळा. भिंतींना फिका, चमक नसलेला रंग द्या. फिका रंग उजेड परतवतो आणि चमक नसली की डोळ्यांवर तिरीप येत नाही. आवडता गडद रंग हवाच असेल तर तो पाठीमागच्या भिंतीला द्यावा.

वस्तूंसाठी मी एक साधा नियम पाळते. नजरेसमोर फक्त चालू कामाच्या वस्तू, पाठीमागे आठवणींच्या. समोरच्या भिंतीवर एक मऊ फळी लावावी आणि तिच्यावर टाचण्यांनी कच्ची टिपणं, नकाशा, कालपट टोचावेत. आजीची दौत, गावच्या घराचा फोटो, वारली चित्र, मिळालेलं स्मृतिचिन्ह हे सगळं पाठीमागे. बसताना ते दिसतं, धीर देतं, आणि लिहिताना मध्ये येत नाही. डालच्या शेजारच्या टेबलावर चॉकलेटच्या चांदीच्या कागदांचा वळत वळत मोठा झालेला गोळा होता आणि शस्त्रक्रियेत काढलेलं त्याच्याच खुब्याचं हाड होतं. कोणत्याही दुकानात न मिळणाऱ्या या वस्तू होत्या. सजावट अशीच हळूहळू, आयुष्यातून यावी. एका दिवसात विकत आणून मांडलेली खोली परक्या घरासारखी वाटते.

खोली नसेल तेव्हा

आता सर्वांत महत्त्वाचं. हे वाचणाऱ्या अनेकांच्या घरात चार फूट कोपराही मोकळा नसेल. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहत असतील तर प्लायवूडची जाडी सांगून काय उपयोग?

त्यांच्यासाठी आपल्याच इतिहासात एक उत्तर आहे. पेशवे दप्तरातले कागद कापडात बांधून ठेवत आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही मोडी कागदांचे असे हजारो रुमाल आहेत. एका विषयाचे कागद एका कापडात, गाठ मारलेले. कापड उघडलं की तो विषय समोर आला. तुम्हीही एका कामासाठी एक रुमाल करा. कापड नको असेल तर पत्र्याची पेटी किंवा पिशवी चालेल. तिच्यात वही, पेन, दोन पुस्तकं आणि सर्वांत वर एक कागद. उठताना त्या कागदावर तारीख घालून लिहायचं, की मी कुठे थांबले आणि पुढचं वाक्य काय असेल. शब्द त्रोटक नकोत, पूर्ण वाक्य हवं, उद्या अनोळखी माणसालाही कळेल असं. मग गाठ मारायची. ही गाठ घरात दुसऱ्या कोणी सोडायची नाही, एवढाच करार.

घराबाहेरचा आसराही आहे. लेखिका दुर्गा भागवतांनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं बसून अभ्यास आणि लेखन केलं. गावोगावच्या वाचनालयांत, अभ्यासिकांत एक ठरलेली खुर्ची, एक ठरलेली वेळ मिळवता येते. रुमाल काखेत असला की ती खुर्ची तुमची खोली होते.

बहिणाबाई चौधरींना खोली तर नव्हतीच, अक्षरओळखही नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्यांना ओव्या सुचत. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एका तरुणाने त्यांतल्या काही कागदावर उतरवल्या म्हणून 1952 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, त्या पुस्तकरूपाने आल्या. जे कागदावर उतरलं ते उरलं. सुचलेल्या कितीतरी ओळी जात्याच्या घरघरीतच राहिल्या असतील. त्यांच्यासारख्या किती बायकांचं सगळंच हरवलं असेल, या विचाराने मला अजून हुरहूर लागते.

म्हणून खोलीची वाट पाहत थांबू नका. आज रात्री ताटं मांडायच्या आधी, हातातलं वाक्य मध्येच थांबवा, पुढचं वाक्य त्या वरच्या कागदावर लिहा आणि रुमालाची गाठ मारा. सकाळी गाठ सोडाल तेव्हा पेन कुठे टेकवायचं हे तुम्हाला शोधावं लागणार नाही.